खडीच्या तळाखालचे भुयार

ज्या भूमीवरून रस्ता न्यायचा, तिथे आपल्या आधी कोणाची वाट होती, हे पाहणे हे बांधणाऱ्याचे पहिले कर्तव्य होय. पाहिलेच नाही, तर तो अविचार. परंतु पाहिले, मनापासून पाहिले, आणि तरीही चुकीचे दिसले, तर त्याला काय म्हणावे? तो दोष कोणाच्या पदरात घालावा? या प्रश्नापाशी मी अजून अडलो आहे.

सांगतो ते घडलेले आहे.

माझे वय झाले. पण कान शाबूत आहेत. शिवाय त्या संध्याकाळी भुयारात मी एकटा नव्हतो. माझी मुलगी होती, जावई होते. तिघांनीही ऐकले.

मुलगी महामार्गाच्या कामावर इंजिनीयर. जुना अरुंद रस्ता रुंद करायचा होता. रस्त्याच्या एका अंगाला रान, दुसऱ्या अंगाला तळे. रानातली जनावरे पाण्यासाठी रस्ता ओलांडत आणि गाड्यांखाली सापडत. नव्या रस्त्यावर गाड्या दुप्पट वेगाने येणार. म्हणून तिने हट्ट धरला, की दोन्ही कडांना उंच जाळी लावा आणि खालून जनावरांसाठी भुयार काढा.

वरिष्ठ साहेबांनी पुष्कळ कुरकुर करून मान्यता दिली.

"एकच भुयार मिळेल. जागा तुम्ही ठरवा. नंतर माझ्या नावानं खडे फोडू नका."

तिने जागा डोळे मिटून ठरवली नाही. संपूर्ण ऋतुभर ती तो रस्ता पायी हिंडली. मेलेली जनावरे कुठे आढळतात, हाडे, शिंगे, केसांचे पुंजके कुठे पडलेले असतात, त्याच्या खुणा तिने नकाशावर केल्या. बहुतेक खुणा एकाच ठिकाणी गोळा झाल्या. खडीचा तळ. रस्त्याच्या कामासाठी खडी टाकत असत, ती मोकळी जागा.

भुयार तिथे झाले.

जावई त्याच रस्त्याच्या देखभालीवर होते. झाडलोट, खड्डे, गटारे, सगळे त्यांच्याकडे. आम्ही तिघे कामावरच्या वसाहतीत दोन खोल्यांत राहत होतो. दाराशी दोघांचे चिखलाचे बूट, फ्रिजवर दोन हेल्मेटे. लग्न झाल्यावर दोघांनी एक नियम केला होता. कामाच्या गोष्टी उंबऱ्याबाहेर ठेवायच्या. जेवताना तर मुळीच नाही.

"मुकादम, बूट बाहेर!" ती ओरडे.

"इंजिनीयरबाई, ती माती तुमच्याच भुयाराची आहे. तुम्हीच झाडा," ते म्हणत.

नियम चांगला होता. घरात हसणे-खेळणे होते.

जाळी जवळजवळ पूर्ण झाली होती. फक्त दूर खिंडीपाशी एक तुकडा मोकळा ठेवला होता. जनावरे भुयारातून जाऊ लागली हे सिद्ध झाल्यावरच तो तुकडा बंद करायचा, ही अट मुलीनेच घातली होती. कोणाची कोंडी होऊ नये, म्हणून.

भुयाराच्या तोंडाशी मोजणीचे यंत्र बसवले. प्रकाशाची एक अदृश्य रेघ. ती कोणी तोडली, की हिरवा दिवा लुकलुके आणि आकडा वाढे. शेजारी कॅमेरा. खाली पाऊल उमटावे म्हणून मऊ मातीचा पट्टा.

आकडा वाढू लागला.

मुलगी आनंदाने नाचायची बाकी होती. "बाबा, जातायत! रोज संध्याकाळी जातायत!"

पण दोन-चार दिवसांत तिचा चेहरा उतरला.

मातीवर… एकही पाऊल नव्हते.

कॅमेऱ्यात… नुसती मोकळी फरशी.

"उंदीर असतील," जावई म्हणाले.

"उंदराचंही पाऊल उमटतं रे."

"मग उडणारे उंदीर. वटवाघळं. चल, आज जाऊन बघू. बाबा, तुम्हीपण चला, पाय मोकळे होतील."

आम्ही पोहोचलो तेव्हा सूर्य नुकताच बुडाला होता. भुयारात ओल्या सिमेंटचा वास होता. आम्ही भिंतीला टेकून उभे राहिलो. वरून एक ट्रक गेला. भुयार घुमले, मग निवले.

पलीकडच्या तोंडात तळ्याचा फिका तुकडा दिसत होता.

बराच वेळ काहीच नाही.

आणि मग… खुरे.

हलकी, सावध, एकामागून एक. रानाच्या बाजूने आत येणारी.

हिरवा दिवा लुकलुकला. पुन्हा लुकलुकला.

समोर कोणी नव्हते.

मुलीने माझा दंड घट्ट धरला. आवाज आमच्या अगदी जवळून जात होता. माझ्या लोंबत्या हाताच्या पाठीला… काहीतरी ओले लागले. नाक लागावे तसे. थंडगार.

मी हात काढून घेतला नाही. का, ते सांगता येत नाही.

जावई अजून हसण्याच्या प्रयत्नात होते. "पाणी ठिबकतंय कुठंतरी. इंजिनीयरबाई, तुमचं काम गळतंय…"

तेवढ्यात खुरांच्या मागून दुसरा आवाज आला.

घसटण्याचा.

जड काहीतरी ओढत नेल्यासारखा. थोडे ओढायचे, थांबायचे, पुन्हा ओढायचे…

जावयांचे बोलणे तुटले. ते भिंतीशी खाली बसले.

"काय झालं? अरे, बोल ना!" मुलगी म्हणाली.

"दोर."

"कसला दोर?"

"पायाला दोर बांधून ओढलं, की असाच आवाज येतो. डांबरावरून." ते हळूहळू बोलत होते. "पहाटे आमची टोळी निघायची. रात्री चिरडलेली जनावरं बाजूला करायला. रस्ता एवढासा, ती उचलून न्यायला येणारी लॉरी कुठे वळायचीच नाही. वळायला जागा फक्त खडीच्या तळावर. म्हणून सगळी ओढत इथे आणून ठेवायचो. लॉरी आली तर आली. नाहीतर पडून राहायची."

"सगळी? कुठून आणायचात?"

"खिंडीतून. मरायची ती खिंडीतच गं. तिथूनच उतरतात ना पाण्याला."

घसटण्याचा आवाज आमच्या समोरून गेला. तळ्याच्या दिशेने विरला.

 मुलगी अगदी शांतपणे म्हणाली, "इथे एकही जिवंत जनावर कधी आलं नव्हतं."

"नाही."

"तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तू कधी विचारलं नाहीस. आणि जेवताना काय सांगू? आज दोन हरणं ओढली, भाजी वाढ?"

  दोघांनी आपापले काम चोख केले होते. पहाटे जावई रस्ता स्वच्छ करीत. दिवसा ती त्याच रस्त्यावर मृत्यूच्या खुणा शोधी. एकाच ताटाभोवती बसणारी दोन माणसे, आणि मध्ये एवढी चूक निवांत वाढली.

दुसऱ्या दिवशी ती साहेबांपुढे उभी राहिली. तिने घरी येऊन जे सांगितले, तेच लिहितो.

"सर, भुयाराची जागा चुकली. जनावरांची खरी वाट खिंडीतून आहे. तिथली जाळी बंद करू नका. दुसरं भुयार होईपर्यंत तो भाग मोकळा ठेवा, गाड्यांचा वेग कमी करा."

"मॅडम, तुमचंच यंत्र सांगतंय, भुयार धो धो चालू आहे."

"मातीवर पावलं नाहीत, सर. कॅमेऱ्यातही काही नाही."

"कॅमेरा बिघडला असेल. यंत्र नवंकोरं आहे. जनावरं गेली की जाळी बंद, ही अट कोणाची होती?"

"माझी."

"मग? त्या यंत्रापुढून काय भुतं जातायत?"

साहेब हसले. खोलीतले सगळे हसले.

 मुलीने खरे सांगावे, तर तिला वेडी ठरवून घरी बसवले असते आणि जाळी त्याच दिवशी बंद झाली असती. न सांगावे, तर आकडा बोलतच होता.

जाळी बंद झाली.

दुसऱ्या भुयाराची मागणी तिने लेखी केली. ती पुढच्या टप्प्यात पाहू, असे उत्तर आले. पुढचा टप्पा केव्हा, ते त्यात नव्हते. भुयाराचे छायाचित्र मात्र वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर झळकले. रिकाम्या भुयाराचे. साहेबांचा सत्कारही झाला. तिथे मुलीला टाळ्या वाजवाव्या लागल्या.

एका संध्याकाळी आम्ही तिघे खिंडीपाशी गेलो.

जाळीच्या पलीकडे ती उभी होती. हरणे. जिवंत, श्वास घेणारी. अंगावरच्या माश्या शेपटीने उडवणारी, पण तहानेने खंगलेली. आमच्या पाठीमागे, गाड्यांच्या ओळीपलीकडे, तळे चमकत होते. त्यांना ते दिसत होते. एक मादी जाळीला कपाळ लावून उभी होती. ढकलत नव्हती. नुसती टेकली होती.

भुयार त्यांच्यापासून फार लांब होते, आणि त्याची वाट त्यांच्यातल्या कोणालाही ठाऊक नव्हती.

परंतु परतताना मुलीने भुयारावरचे यंत्र पाहिले.

आकडा… वाढला होता. पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक.

अजूनही वाढतो, असे ती म्हणते. मी पुढचे विचारत नाही. घरात आता कामाच्या गोष्टी जेवतानाही बोलल्या जातात. तरी हसणे पूर्वीसारखे नाही. संध्याकाळ झाली, की माझ्या हाताची पाठ अकारण गार पडते.

जी त्या भुयारातून जातात, त्यांना पलीकडे पाणी मिळो. जी जाळीपाशी थांबली आहेत, त्यांची वाट मोकळी होवो. ओढणाऱ्या हातांना शांती लाभो, आणि माझ्या लेकीला झोप लागो.