काढून टाकलेला आवाज

विश्वास ठेवायचा की नाही, तुम्ही ठरवा. मी फक्त एवढंच सांगतो की हे माझ्या सख्ख्या मामेभावाच्या घरात घडलंय. आणि यातला शेवटचा तुकडा मी स्वतःच्या कानांनी ऐकलाय.

वार रविवार. वेळ दुपारी चारची. बाहेर लख्ख ऊन. चौथ्या मजल्यावरचं तीन खोल्यांचं घर.

मामेभावाला आम्ही दादा म्हणतो. तो लोकांचे कान तपासतो, कमी ऐकणाऱ्यांना श्रवणयंत्र बसवून देतो. म्हणजे आवाजाला फसणारा माणूस नव्हे.

मामांना जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते. मामा म्हणजे दादाचे वडील. जमदग्नीचा अवतार! हॉलमध्ये त्यांची म्युझिक सिस्टीम. कमरेएवढे दोन स्पीकर, अँप्लिफायर, टेपडेक. तिला बोट लावायची कुणाची टाप नव्हती.

मामा ऐकायला बसले की आधी दोनदा घसा खाकरायचे.

खं... खं.

मग म्हणायचे, "गप्प!"

की अख्खं घर चिडीचूप. एकदा स्वयंपाकघरात दादाच्या हातून पातेलं पडलं, तर पोराचा गाल दोन दिवस सुजलेला होता. मामी तर काम करताना गुणगुणायचंसुद्धा विसरली. दादा नऊ वर्षांचा असताना ती गेली.

मामांचं कपाट आवरताना एक कॅसेट सापडली. वर त्यांच्या अक्षरात 'माइक तपासणी', बस. दादाने ती लावली आणि मटकन खालीच बसला.

मामी गुणगुणत होती.

तीस वर्षांनी आईचा आवाज. तो दुसरीकडे कुठेही नव्हता. पण चार सूर झाले की मध्येच... खं, खं... "गप्प!" ती थांबायची. हळूच पुन्हा सुरू करायची. पुन्हा "गप्प!" संपूर्ण कॅसेटभर हाच प्रकार.

आता असं सॉफ्टवेअर मिळतं की नको असलेल्या आवाजाचा पाच सेकंदांचा नमुना दाखवायचा. ते तो आवाज ओळखतं आणि सगळीकडून वेचून काढतं. काढलेला भाग वेगळ्या फाइलमध्ये ठेवतं, चुकून काही चांगलं गेलं असेल तर परत घ्यायला. शहाणा माणूस टेपची खरखर नमुना म्हणून देतो.

दादाने बापाचा आवाज दिला.

"अरे, राहू दे ना त्यांचंही," वहिनी म्हणाली. "कसेही असले तरी वडील होते."

"तू आठ-नऊ वर्षं ऐकलंस. मी जन्मभर ऐकलंय."

आणि बटण दाबताना तो मोठ्याने म्हणाला, "आता तुम्ही गप्प बसा, बाबा."

तेवढ्यावर थांबला असता तर बरं झालं असतं. पण राग वाईट. काढलेल्या आवाजाची फाइल त्याने पुसून टाकली. मूळ कॅसेटवरही स्वच्छ केलेलं गाणं भरलं. मामांचा आवाज जगात कुठेच उरला नाही.

हे सगळं कुणासाठी? तर मुलीसाठी. सात वर्षांची, आजी फक्त फोटोत पाहिलेली. घरात तिला भोंगा म्हणतात. सकाळी डोळे उघडल्यापासून टकळी सुरू ती झोपेतही बंद नाही. दादाचा जीव की प्राण.

दादाने एक छोटा डबा आणला होता. कॉम्प्युटर आतल्या खोलीत. तिथलं गाणं वायफायवरून डब्यात, डब्यातून वायरने अँप्लिफायरमध्ये. रविवारी चार वाजता त्याने मोबाइलवर ती फाइल निवडली.

मामांच्या स्पीकरवर मामी गुणगुणू लागली. एकटी. कोणी न अडवता.

दादा घळाघळा रडला. भोंगा सोफ्यावर उड्या मारत आजीबरोबर गाऊ लागली.

आणि गाणं थांबलं.

"वायफाय गेलं वाटतं," वहिनी म्हणाली.

पण मोबाइलवर फाइल पुढे सरकत होती. आणि मग उजव्या स्पीकरमधून...

खं... खं.

दादा आत धावला. कानाला हेडफोन लावून फाइल ऐकली. नुसती मामी. खाकरणं कुठेच नाही.

तो हॉलमध्ये परत आला. काहीतरी चुकत होतं. काय, ते कळायला एक क्षण लागला...

घड्याळाची टिकटिक नव्हती.

काटा फिरत होता. आवाज नव्हता.

मग फ्रिजची घरघर गेली. दादाने हात लावून पाहिला. फ्रिज थरथरत होता, पण मुका. मग रस्त्यावरचे हॉर्न गेले. खिडकी सताड उघडी होती.

एकेक आवाज कोणीतरी वेचून काढत होतं. ही पद्धत दादा ओळखत होता.

त्याने झेप घेऊन डब्याची वायर उपटली.

"बाबा, आजीला परत लाव ना!" भोंगा ओरडली. "बाबा, ला..."

वायर दादाच्या हातात होती. तरीही स्पीकरमधून आवाज आला.

"गप्प!"

घड्याळ टिकटिकू लागलं. फ्रिज घरघरला. खाली कोणीतरी हॉर्न वाजवला.

भोंगाचे ओठ हलत होते.

आवाज नव्हता.

घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. घसा ठणठणीत. दुसरे डॉक्टर म्हणाले, धक्का बसलाय, येईल हळूहळू. पोर रडते तेव्हा फक्त खांदे हलतात. वहिनी ते बघू शकत नाही, उठून आत जाते.

चौथ्या दिवशी दादाला कॉम्प्युटरवर एक फाइल दिसली. जिथे काढलेले आवाज साठतात, तिथेच. तारीख रविवारची. लांबी एकोणीस मिनिटं. हेडफोनवर ती मुकी. दुसऱ्या कशावरही मुकी. मामांच्या स्पीकरवर लावली तेव्हा...

"बाबा, मला ऐकू येतंय! बाबा, मी बोलतेय!"

भोंगा समोर उभी होती. ओठ तिचे, आवाज स्पीकरमधून. फाइल संपली की ती पुन्हा मुकी. रोज एकदाच वाजते, दुसऱ्यांदा लावली की काही नाही.

मी भेटायला गेलो तेव्हा दादाने ती लावली. भोंगा टेबलाशी चित्र काढत होती. तिने मान वर केली आणि माझ्या पाठीमागच्या स्पीकरमधून आवाज आला, "काका, हे बघ, मी आजी काढलीय."



ती आणखी काही सांगणार, तोच मागून...

खं... खं.

भोंगाने स्वतःच्या हाताने स्वतःचं तोंड दाबून धरलं. न सांगता. सवय झाल्यासारखं.

"बाबा, चुकलं माझं," दादा स्पीकरसमोर हात जोडून म्हणाला. "तिला सोडा." मग माझ्याकडे वळला. "त्यांना त्यांचा आवाज परत हवाय रे. आणि मी कुठून देऊ? मीच पुसलाय."

मी मोबाइलवर फाइलची लांबी पाहिली. सोळा मिनिटं.

"एकोणीस होती ना?"

वहिनीने भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं. रोजच्या चौकोनात तिने पेन्सिलीने आकडा लिहिला होता. एकोणीस. अठरा. अठरा. सतरा. सोळा.

त्याला आता दोन आठवडे झाले. दादा रोज संध्याकाळी मला फक्त आकडा पाठवतो. काल 'तीन' आला.

आज अजून काहीच आलेलं नाही.