सोरेनने अस्वलिणीला काय सांगितलं

कुंपणाच्या कामाला येणारे शेजारचे पीटरसन आजोबा गाडीतून उतरणार म्हणून मी हातमोज्यांची सगळ्यात मोठी जोडी काढून ठेवली होती. आणि उतरला कोण, तर सोरेन!

सोरेन टॉलफसन... माझ्याच वर्गातला, शाळेच्या बसमध्ये माझ्या मागच्या बाकावर बसणारा, आणि अख्ख्या शाळेत सगळ्यात कमी बोलणारा मुलगा. टोपी हातात घेऊन उभा राहिला, कान लालबुंद.

"आजोबांची कंबर धरलीय," तो म्हणाला. "म्हणून मी..."

"म्हणून तू स्वतःची कंबर घेऊन आलास!"

तो हसला नाही. पण हसू दाबलं, ते मी बघितलं.

बेव्ह मावशी, म्हणजे माझ्या आईची बहीण आणि या कुरणाची कारभारीण, ट्रकच्या खिडकीतून ओरडली, "टिल्डा, आज तू मुकादम! ओढ्याकाठच्या कुंपणाची खालची काटेरी तार काढा. मी वरच्या अंगाला खांब बघते. आणि झुडपांत तोंड बंद ठेवायचं नाही, कळलं?"

"हे तिला सांगावं लागतं?" सोरेन पुटपुटला.

त्याला टोमणासुद्धा मारता येतो?

खरं सांगू? मला अस्वलांची भीती नव्हती. मला उद्याची भीती होती. उद्या सकाळी सोरेन नेब्रास्काला मामाकडे गवत कापणीला जाणार होता, अख्ख्या उन्हाळ्यासाठी. मार्चच्या वादळात बसमधून उतरताना त्याने स्वतःचा मफलर माझ्या गळ्यात टाकला होता, आणि एक शब्द न बोलता निघून गेला होता. त्याचा अर्थ काय? तेवढंच मला हवं होतं... आणि हातात होता फक्त आजचा दिवस.

ओढ्याकाठी वाळुंजाची झुडपं डोक्याच्याही वर गेली होती. ओल्या पानांचा वास, कुठेतरी कुरणपाखराची शीळ, आणि समोर जूनमध्येही बर्फ पांघरून बसलेले डोंगर. मी खिळे उपटत होते, तो तार गुंडाळत होता, आणि मी बडबडत होते. अस्वल दचकू नये म्हणून आम्ही सगळेच ओरडत चालतो. मी जरा जास्तच.

"होऽऽ अस्वलबाबा! आम्ही आलोय! हा सोरेन, याला बोलता येत नाही! आता तू ओरड रे."

"काय ओरडू?"

"काहीही. अस्वल मार्क देत नाही."

त्याने घसा खाकरला. "होऽऽ... अस्वल."

"बापरे, केवढं भाषण! तुझ्या बाबांना माहितीये का, तू अस्वलांच्या पिल्लांसाठी वाट मोकळी करतोयस ते?"

"त्यांची दोन वासरं अस्वलाने नेली गेल्या वर्षी," तो म्हणाला. "त्यांना वाटतंय मी छप्पर दुरुस्त करतोय."

"मग आलास कशाला?"

त्याने तारेचं वेटोळं आणखी एकदा आवळलं. "आजोबांची कंबर—"

आणि तेवढ्यात ओढ्यापलीकडचं झुडूप हललं.

ती बाहेर आली... अस्वलीण! तपकिरी, खांद्यावर मोठं वशिंड, केसांच्या टोकांना चांदी. ऊन तिच्या अंगावरून असं ओघळत होतं, जणू डोंगराचाच एक तुकडा सुटून चालायला लागलाय. मागे दोन पिल्लं, एकमेकांवर पडत, धडपडत. तिने आम्हाला बघितलं. मग ती मागच्या पायांवर उभी राहिली. उंच. आणखी उंच. हवेत नाक करून तिने आमचा वास घेतला, आणि मला वाटलं, आजवर आपण जगात फुकटच मिरवत होतो.

सोरेन माझ्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला. दोघं मिळून मोठं दिसावं म्हणून... नियमच आहे. अस्वल अंगावर आलंच तर मारायला कमरेला मिरचीचा फवारा होता, त्याची पिन मी काढली. पळायचं नाही, नजर तिच्यावरून हलवायची नाही, हळू आवाजात बोलत राहायचं आणि मागे सरकायचं. बोलायचं! आणि नेमकी मीच गप्प.

मग तो बोलला. हळू, शांत, वासराला थोपटताना बोलतात तसा.

"हे बघ बाई... आम्ही तुझ्या पोरांच्या वाटेत नाही. माझं नाव सोरेन. उद्या मी चाललोय. आज मुद्दाम आलो. आजोबांची कंबर ठणठणीत आहे, मीच त्यांच्या पाया पडलो, मला जाऊ द्या म्हणून..."

एक पाऊल मागे. माझी नजर अस्वलिणीवर. त्याच्याकडे बघायचं होतं, इतकं बघायचं होतं... आणि बघता येत नव्हतं!

"ही शेजारी उभी आहे ना, ती बसमध्ये बोलते ते मी मागे बसून ऐकतो. कधी ती गप्प होते, नुसती खिडकीबाहेर बघते... तेव्हाही मला आवडते. मला सांगता येत नाही, बाई. तुला सांगतोय."

अस्वलिणीने फूऽऽ केलं, चारी पायांवर आली. ओढा ओलांडून कुंपणाशी गेली, वरून सहज पलीकडे झाली. पिल्लं थबकली... मग जिथली तार आम्ही नुकती काढली होती, तिथूनच एकामागून एक खालून सरपटत गेली. एक ओरखडासुद्धा नाही. आणि मग नुसती हलणारी पानं.

दुपारी ट्रकपाशी बसून आम्ही भाकरीसारखा कडक झालेला पाव चावला. कुणी कुणाकडे बघेना. मावशीने आळीपाळीने दोघांकडे पाहिलं. "अस्वलाने जीभ नेली का ग तुझी?"

काम उरलं होतं, म्हणून मावशीला बरोबर घेऊन परत गेलो. ती पुढे झुडपांवर नजर ठेवून उभी राहिली. कुंपणापाशी चिखलात अस्वलिणीचा पंजा उमटला होता, नख न् नख स्पष्ट. मी गुडघ्यावर बसले, हातमोजा काढून तळवा त्यात ठेवला. केवढीशी मी!

सोरेनही बसला. हातमोजा काढला. घाबरत घाबरत हात शेजारी ठेवला. दोन्ही तळवे मावले, तरी जागा उरली.

"सप्टेंबरमध्ये येईन," तो म्हणाला. या वेळी माझ्याकडे बघून.

बडबडी टिल्डा, हजार गोष्टी बोलणारी... आणि नेमके तीनच शब्द सापडले. ते मी अस्वलिणीला नाही, त्यालाच सांगितले.

"मी वाट बघेन."

चिखल थंड होता. त्याचा हात थंड नव्हता.