दोघांची फेरी

माझ्या मुलीच्या इमारतीत लिफ्ट नाही, आणि जिन्याला खिडकी नाही. भर दुपारीही तिथे अंधार असतो. पण प्रत्येक मजल्यावर एक दिवा आहे. कुणी आलं की तो लागतो आणि पुढे गेलं की विझतो. मी राहायला आलो त्या दिवशी मी भिंत चाचपत उभा होतो, तेव्हा जावयांनी मला समजावून सांगितलं होतं. "बटण शोधू नका बाबा. तुम्ही नुसतं चालायचं. हलणारं कुणी नसलं की तो आपला आपण विझतो."

मुलगी तिसऱ्या मजल्यावर राहते. वरचा चौथा मजला रिकामा आहे. दुरुस्तीचं काम अर्धवट टाकून कारागीर निघून गेले आणि दाराला कुलूप लागलं, ते लागलंच.

बायको वारल्यावर आमचं घर आवरून मी या शहरात आलो. मला दुःख होत होतं असं म्हणता येणार नाही. दातांच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल आपला असूनही आपला वाटत नाही, तसं सगळं झालं होतं. जेवत होतो, झोपत होतो, वाचत होतो. रडलो मात्र नव्हतो. एकच गोष्ट खुपायची. तिचा आवाज मला आठवत नव्हता. तिची वाक्यं आठवायची, अगदी शब्दन् शब्द, पण ती माझ्याच आवाजात. छापील वाक्य मनात वाचावं तशी.

महिनाभर मी घराबाहेर पडलो नाही. शेवटी मुलगीच म्हणाली, "बाबा, हे असं चालणार नाही. मी दिवसभर कामावर. तुम्हाला साधा कोपऱ्यावरचा दुकानदार माहीत नाही."

"मला काही लागत नाही ग."

"तेच तर! लागायला हवं." मग तिने एका गाईडशी बोलून माझ्यासाठी फेरी ठरवली. जुन्या शहरातून पायी, माझी एकट्याची, बरोबर घोळका नाही. "चौकापर्यंत सोडते. येताना मात्र तुमचे तुम्ही यायचं. आलात तर मी निर्धास्त. नाही जमलं, तर दिवसभरासाठी एखादी बाई ठेवते तुमच्याजवळ."

"आणि तिच्याशीही ते बोलणार नाहीत," आतून जावई म्हणाले.

मी हसलो. हसायचं असतं म्हणून.

चौकात एक कोरडं कारंजं आहे. मुलीने मला रस्त्याच्या अलीकडे सोडलं आणि ती कामाला गेली. कारंज्याच्या कठड्याशी गाईड उभा होता. चाळिशीचा, गोल चेहऱ्याचा, काखेत पिवळी छत्री. मी पोचलो तेव्हा तो हसत होता. नुकतंच कुणाशी तरी बोलणं संपल्यासारखा. मला पाहून पुढे आला आणि म्हणाला, "या काका. दोघांचं बुकिंग आहे, बरोबर ना?"

नाही म्हणायला मी तोंड उघडलं होतं.

मी छापखान्यात मुद्रितं तपासायचो. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका कागदावर दुरुस्त केल्या, पण समोरच्या माणसाला तोंडाने "तुमचं चुकलं" म्हणणं मला कधी जमलं नाही. हॉटेलात भलताच पदार्थ समोर आला तरी मी खायचो. बायको चिडायची. "भीड ही भिकेची बहीण. सांगा ना त्याला!" आणि मग स्वतःच सांगायची.

वाटलं, मुलीनेच सवयीने दोघांचं सांगितलं असेल. जाऊ दे. मी मान डोलावली.

त्याने दोन छोटी यंत्रं काढून माझ्या हातावर ठेवली. कानात घालायची. त्याच्या कॉलरला माईक होता. "रस्त्यावर गाड्यांचा गोंगाट असतो. मी पुढे चालतो, तुम्ही आपले सावकाश या. माझं बोलणं कानात ऐकू येत राहील." मी एक यंत्र कानात घातलं. दुसरं गुपचूप कोटाच्या खिशात टाकलं, आणि उगाचच चोरी केल्यासारखं वाटलं.

आम्ही निघालो. सकाळ ढगाळ होती. फरशांना ओल्या धुळीचा वास होता. माझी चाल मंद, त्यात दुकानांच्या पाट्या वाचायची खोड. बघता बघता पिवळी छत्री बरीच पुढे गेली. कानात त्याचा आवाज मात्र अगदी जवळ. ही गल्ली रंगाऱ्यांची, भिंतींच्या तळाशी निळा रंग दिसतोय तो त्यांच्या हौदांचा. पुढे घड्याळाची इमारत. चांगला बोलत होता. पाठ केलेलं होतं, तरी कंटाळवाणं नव्हतं.

घड्याळापाशी तो बोलता बोलता थांबला. मग म्हणाला, "नाही काकू, आता चावी द्यावी लागत नाही. विजेवर चालतं. पूर्वी मात्र एक माणूस ठेवला होता. आणि त्याच्या घरचं घड्याळ कायम बंद, असं म्हणतात." तो हसला.

मला वाटलं, वाटेत कुणी बाई भेटली असेल. मान वर करून पाहिलं. रस्ता मोकळा होता. तो एकटाच उभा होता.

पुढे एका श्रीमंत व्यापाऱ्याची जुनी हवेली होती. लांबच लांब खिडक्या आणि छतापासून जमिनीपर्यंत पडदे. तो कुठल्याशा लाकडाबद्दल सांगत होता, मध्येच म्हणाला, "धुवायला? बाप रे, हे मला कुणी विचारलंच नव्हतं आजवर. खरंच, काढत कोण असेल आणि वाळत घालायचे कुठे!"

मी फुटपाथवर उभा राहिलो.

आम्ही दोघं कुठेही गेलो, देऊळ असो की राजवाडा, मी शिलालेख वाचायचो आणि ती विचारायची, एवढं झाडत कोण असेल? एवढ्या काचा पुसत कोण असेल? मला लाज वाटायची. मी दोन पावलं बाजूला सरकायचो.

एखादी म्हातारी बाई असं विचारू शकतेच, मी स्वतःला समजावलं. शंभरातल्या नव्वद विचारतील. पण विचारायला बाई तरी हवी.

त्यानंतर मी पाट्या वाचल्या नाहीत. त्याच्या पाठीकडे बघत राहिलो. फुटपाथ चांगला रुंद होता, तरी तो अगदी कडेने, रस्त्याला खेटून चालत होता. आतल्या बाजूला एका माणसापुरती जागा सोडून. समोरून एक गवंडी घमेलं घेऊन आला, तो त्या मोकळ्या जागेतून न येता खाली रस्त्यावर उतरला, गाईडला वळसा घालून पुन्हा फुटपाथवर चढला. माझ्या अंगावरून गेला तेव्हा मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. नेहमीचं, कामावरच्या माणसाचं तोंड होतं.

पुढे नदीकडे उतरणाऱ्या दगडी पायऱ्या लागल्या. त्याने छत्री डाव्या हातात घेतली आणि उजवा हात कोपरात वाकवून पुढे केला. "सावकाश. उजवा पाय आधी टाका, म्हणजे गुडघ्यावर भार येणार नाही."

दुखायचा तो तिचा उजवा गुडघा.

त्याला हाक मारावी, विचारावं, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं. पण मी ओठ घट्ट मिटून घेतले, आणि या वेळी ती भीड नव्हती. त्याच्या दोन वाक्यांच्या मध्ये जी शांतता होती, ती मला ऐकायची होती. मी कानातलं यंत्र बोटाने आत दाबलं. माईक त्याच्या कॉलरला होता, ती त्याच्या शेजारी. एखादा शब्द तरी येईल. मी एवढंच म्हणालो असतो की मी एकटाच आलोय, तर त्याने ओशाळून माफी मागितली असती आणि ती शांतता संपली असती. म्हणून मी चुकीला चूक म्हटलं नाही.

काहीच ऐकू आलं नाही. वारा, गाड्या, त्याचा श्वास. मग त्याची उत्तरं. "हो ना." "दोन मुलं. थोरली शाळेत जाते." "नाही हो, सवय झालीय चालायची." ती त्याच्या घरची चौकशी करत होती. ती सगळ्यांचीच करायची.

मग एक वळण आलं. छत्री कोपऱ्यापाशी थांबली.

कानात तो म्हणाला, "थांबायचं का इथे? बरं, थांबू या."

मी चालत राहिलो. मी त्या कोपऱ्यापर्यंत पोचलो नव्हतो, नुसता दिसण्याच्या टप्प्यात आलो असेन, तोच छत्री हलली आणि वळली.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही, लेकीलाही नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काही नव्हतंच. ती नेहमी माझ्या पुढे चालायची. मी मागे रेंगाळायचो. प्रत्येक वळणावर ती थांबायची. मी तिच्यापर्यंत पोचेपर्यंत नाही, नुसता दिसेपर्यंत. दिसलो की वळून पुढे. सगळं आयुष्य आम्ही असे हिंडलो.

पुढच्या वळणावर तसंच झालं. त्याच्या पुढच्यावरही.

 मला भीती वाटत नव्हती. मी नुसता चालत होतो, आणि मला वाटत होतं, हे शहर संपू नये.

पण फेरीच ती. फिरून पुन्हा चौकात आली.

कारंज्याशी तो माझी वाट बघत होता. आता एकटाच. कपाळ पुसत म्हणाला, "दमलात ना काका? द्या यंत्र."

मी कानातलं काढून दिलं. दुसऱ्यासाठी कोटाच्या खिशात हात घातला. रुमाल होता, घराची किल्ली होती. दुसऱ्या खिशातही पाहिलं.

"काकूंचं मिळालं," तो म्हणाला आणि मूठ उघडून दाखवली. "त्यांनी आत्ताच दिलं."

ते यंत्र मी कुणाच्या हातात दिलं नव्हतं.

तेव्हा मी बोललो. आता गमवायला काही उरलं नव्हतं म्हणून असेल.

"अहो, तुमची काहीतरी चूक होतेय. मी एकटाच आलोय."

तो अवघडला. इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "काका, तुमच्या घरातलं मी काय बोलावं? पण काकूंनीही सकाळी हेच सांगितलं."

"काय?"

"तुमच्या आधी येऊन उभ्या होत्या ना इथे. मी विचारलं, दोघांचं बुकिंग आहे ना? तर म्हणाल्या, नाही, मी एकटीच आहे, आमचे हे राहिले नाहीत. तेवढ्यात तुम्ही आलात. तुम्हाला विचारलं, तर तुम्ही मान डोलावलीत. मला वाटलं, भांडण झालं असेल. प्रवासात होतं असं. रागावल्या की बायका काहीही बोलतात."

मी कठड्यावर बसलो. दगड गार होता.

"रस्ताभर तुमच्याबद्दल एक अक्षर नाही," तो म्हणाला. "मात्र दर वळणावर थांबायच्या. शेवटी विचारलं मी, कुणासाठी थांबता? तर म्हणाल्या, कुणासाठी नाही, सवय आहे."

"आता कुठे आहे ती?"

"गेल्या की पुढे." त्याने छत्रीने रस्ता दाखवला. मला त्याच रस्त्याने घरी जायचं होतं.

मी निघालो. वाट मला ठाऊक नव्हती, कारण सकाळी गाडीतून आलो होतो. पण कुठे अडलो नाही. कुठल्या कोपऱ्यावर वळायचं ते मला दर वेळी नुसतं कळत गेलं. कुणाला विचारावं लागलं नाही.

इमारतीत शिरलो. तळमजल्याचा दिवा लागलेला होता.

मी दारात असतानाच.

पहिल्या मजल्याच्या वळणावर आलो आणि वर पाहिलं. तिथला दिवाही लागलेला होता. माझं डोकं दिसण्याइतका मी वर आलो, तसा त्याच्या पुढचा लागला. पावलं ऐकू आली नाहीत. मी मध्येच थांबून पाहिलं. पुढचा दिवाही तिथेच थांबला. मी चढलो, तशी दुसऱ्या मजल्यावरची उजेडाची पिवळी चौकट तिसऱ्यावर सरकली.

तिसऱ्या मजल्यावर मी पोचलो. दम लागला होता. मुलीच्या दारात चपला होत्या. ती आज लवकर आली होती. मी किल्ली काढली.

चौथ्या मजल्यावरचा दिवा लागला.

कठड्यावरून उजेड खाली माझ्या हातावर पडला. वर सिमेंटच्या गोण्या, कुलूप लावलेलं दार, आणि त्याच्या पुढे वळण नव्हतं.

आतून मुलीने विचारलं, "बाबा? आलात का?"

मी वर बघत राहिलो. एक पायरी चढलो असतो, तर दिसलो असतो.

"बाबा, तुम्हीच ना?"

"हो," मी म्हणालो. "मीच."

तिने दार उघडलं. माझं तोंड बघून तिचा चेहरा बदलला. "बाबा! रडताय?"

मी गालाला हात लावला. ओला होता. गाल माझाच होता.

तिने मला आत घेतलं, पाणी दिलं. एकटे आलात, कुठे चुकला नाहीत, किती छान, असं काहीबाही बोलत राहिली. जावई आले तेव्हा संध्याकाळ झाली होती. चपला काढता काढता म्हणाले, "वरचा दिवा बिघडलाय वाटतं. मघापासून लागलेलाच आहे."