कड्याने ठेवलेलं नाव

आमच्या घरी सकाळच्या नाश्त्याला पाव, लोणी आणि कुणाच्या तरी नावाचा अर्थ असायचा. स्वयंपाकघरात टपालखात्याचं कॅलेंडर लावलेलं असे. त्यावर रोज एका संताचं नाव. बाबा कॉफी ढवळत ते वाचायचे, गावात त्या नावाचं कोण आहे ते आठवायचे आणि नाव कुठून आलं ते सांगायचे. माझ्या भावाचं नाव तिबो. जुन्या जर्मन बोलीत त्याचा अर्थ लोकांमध्ये धीट असा होतो. तो कोंबड्याला घाबरायचा. माझं नाव क्लेमांस, लॅटिनमधून आलेलं, म्हणजे दयाळू. मी वाद घालायला लागले की बाबा चष्म्यावरून बघायचे. "दयाळू बाई, जरा नावाला जागा." त्यांचं स्वतःचं नाव आंब्रुआझ, मूळ ग्रीक, अर्थ अमर. "गुडघ्यांना अजून कुणी कळवलेलं नाही," असं ते म्हणत.

एका नावाबद्दल मात्र ते बोलत नसत. ऑक्टोबरात कॅलेंडरवर संत रने आला की ते पाव करपेपर्यंत भाजत आणि आम्ही तो न बोलता खात असू.

रने हा त्यांचा मोठा भाऊ. आमचं रोशबोन गाव ज्युराच्या डोंगरात, घोड्याच्या नालेसारख्या वळलेल्या चुनखडीच्या कड्याखाली आहे. वसंतात वरचं बर्फ वितळलं की कड्याच्या पायथ्याच्या गुहेतून पाणी फुटून बाहेर येतं. बाबा पाच वर्षांचे असताना सात वर्षांचा रने ते बघायला गुहेत गेला. तो सापडला नाही. बाबा बाहेर उभे राहून घसा बसेपर्यंत त्याला हाका मारत होते, एवढं आम्हाला आत्याकडून कळलं होतं.

या कड्याला गावात 'मारेन' म्हणतात. मारेन म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाची धर्ममाता. मूल जन्मलं की त्याची धर्ममाता कड्यासमोर जाऊन ठरवलेलं नाव मोठ्याने हाकारते. नाव परत आलं तर ते मोकळं आहे, दुसऱ्या कुणाचं नाही. परत न आलेलं नाव मला तरी माहीत नव्हतं. ध्वनिशास्त्र शिकल्यामुळे मला ही प्रथा आवडायची. कडा अंतर्वक्र आहे, दगड सपाट आहे, आवाज परत येणारच. गावाने शेकडो वर्षं एक बिनचूक प्रयोग चालवला आहे, असं मी बेझांसों शहरातल्या मित्रांना सांगत असे.

तिबोला मुलगी झाली ती मार्चमध्ये. ती जन्मली तेव्हा श्वास घेत नव्हती. डॉक्टरांनी तिला बाजूला नेलं, आणि वहिनी, मायलिस, छताकडे बघत पडून राहिली. मग दाराआडून रडणं ऐकू आलं. तिबो मला फोनवर म्हणाला, "पुन्हा जन्मली गं ती. रने ठेवतोय."

रने, लॅटिन रेनातुस, पुन्हा जन्मलेला. मुलाचं असलं तर साधं, मुलीचं असलं तर शेवटी एक जास्तीचं अक्षर, जे लिहितात पण उच्चारत नाहीत.

"बाबांना विचारलंस?"

"मुलीचं वेगळं नाव आहे ते. वेगळं लिहितात."

"कड्याला वाचता येतं का?"

"तू धर्ममाता आहेस ना? मग जा आणि ओरड. शास्त्रज्ञ कुठली."

मी दुपारी गेले. हवा स्तब्ध होती. शेतात दोन गायी होत्या आणि त्यांच्या घंटांचा आवाजही कड्यावरून नीट परत येत होता. मी तोंडाशी हात धरून हाक मारली.

"रने."

काही आलं नाही.

मी थोडी सरकले, पुन्हा हाक मारली, मग पुन्हा. तिसऱ्या वेळी घशात थंड हवा गेली आणि खोकला आला. खोकला परत आला. नाव आलं नाही.

मी चिडले. तिबो म्हणून ओरडले, ते आलं. मायलिस आलं. क्लेमांस आलं, माझ्या चिडक्या सुरासकट. मग मला वाटलं की या ध्वनींच्या क्रमातच काहीतरी असेल. तेच स्वर असलेला शब्द हवा. आमच्या भाषेत कुणाला आदराने 'या' म्हणायला 'व्हने' म्हणतात. रनेच्या सगळ्यात जवळचा शब्द तोच. मी जोर लावून 'व्हने' म्हणाले.

कड्याने स्पष्ट उत्तर दिलं. या.

घरी बाबा टेबलावर चष्म्याच्या जुन्या फ्रेमचे स्क्रू आवळत बसले होते. आयुष्यभर त्यांनी कारखान्यात तेच केलं होतं, आणि निवृत्तीनंतर गावभरच्या नाकांवरचे चष्मे त्यांच्याकडेच यायचे. तिबोने नाव सांगून टाकलं होतं, हे त्यांच्या मानेवरून दिसत होतं.

"आलं का परत?" त्यांनी विचारलं.

"नाही. पण त्याला कारण असणार. तापमानाचे थर असतात, एखादी लहर दुसरीला मारते. 'व्हने' आलं."

त्यांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "तू 'या' म्हणालीस?"

"चाचणी होती, बाबा."

"सात वर्षांच्या पोराला अहो-जाहो केलंस." ते हसले, पण डोळे हसले नाहीत. "तो फुशारून गेला असेल."

दारात तिबो उभा होता. "नावात एक जास्तीचं अक्षर आहे, बाबा."

"ते अक्षर नगरपालिकेच्या बाईसाठी आहे, तिबो. हाकेत कुठे आहे ते? तू अंगणातून पोरीला हाक मारशील. ती कुणाला पोचेल?"

"तुम्हाला भीती वाटते?"

"पोरीसाठी वाटते." बाबांनी चष्मा पुसला. "आणि त्याच्यासाठीही. त्याच्याकडे दुसरं काय आहे? त्याचे बूट सुद्धा नंतर मीच वापरले."

नोंदणीला मोजून पाच दिवस मिळतात. शेवटच्या सकाळी मायलिसने बाळ बाबांच्या मांडीवर ठेवलं आणि ती म्हणाली, "तुम्ही सांगाल ते ठेवू."

बाळाने त्यांचं बोट धरलं. बाबा बराच वेळ त्या बोटाकडे बघत होते.

"ठेवा रने," ते म्हणाले. "त्याला इतकी वर्षं कुणी जेवायला बोलावलं नाही. या घरात निदान हाक तरी ऐकू दे."

त्यानंतर काही झालं असं म्हणता येणार नाही. मायलिस स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवून बाळाचं नाव घ्यायची. तेव्हा आमचा कुत्रा उठायचा, शेपूट हलवत फाटकापर्यंत जायचा आणि परत यायचा. परत येताना तो हळू चालायचा, मान थोडी वर धरून, लहान मुलाच्या बरोबरीने कुत्री चालतात तसा. मी फाटक तपासलं, वारा तपासला. बाबा नुसतं म्हणाले, "त्याला रागावू नकोस."

ते बदलले होते. ऑक्टोबर नसतानाही रनेबद्दल बोलत. तो चेरी खाऊन बिया कॉलरच्या आत लपवायचा. तो बाबांना पूर्ण नावाने हाक मारायचा, कारण 'अमर' म्हणजे काय ते शाळेत शिकून आला होता आणि लहान भावाला इतकं मोठं नाव मिळाल्याचा त्याला राग होता.

"आता मला नावाने हाक मारणारं कुणी उरलं नाही," बाबा एकदा सहज म्हणाले. "सगळ्यांचा मी बाबा नाहीतर महाशय."

सप्टेंबरात बाप्तिस्मा झाला. पाद्र्यांनी विचारलं, मी नाव सांगितलं, बाळ पाण्याने दचकलं. नंतर अंगणात जेवण होतं, टेबलं कड्याकडे तोंड करून मांडलेली. कोंबडी, मोरेल अळंबी, साखरेत घोळलेले बदाम. मी ताटाशेजारी ध्वनिमुद्रक ठेवला होता, पोरीला मोठेपणी ऐकवायला. तिबोने पिवळ्या वाइनचं बूच काढलं. ते कड्यावरूनही निघालं, आणि सगळे हसले.

मी बाळाला घेऊन उभी राहिले. धर्ममातेने प्याला उचलून नाव घ्यायचं असतं.

"रने," मी म्हणाले.

या वेळी ते परत आलं.

मग पुन्हा आलं, लांबून, ओरडून. माझाच आवाज, मार्चमधला. तिसऱ्या हाकेच्या टोकाला घसा खरखरला.

टेबलावरचे चमचे थांबले.

त्यानंतर एका लहान मुलाचा आवाज आला. रने. रने. घसा बसत चाललेला. तिबोने बाबांकडे पाहिलं. बाबांचे ओठ त्या आवाजाबरोबर हलत होते.

मग शांतता.

मग दुसरा एक मुलगा, थोडा मोठा, थोडा वैतागलेला.

"आंब्रुआझ."

बाबांनी रुमालाची घडी करून ताटाशेजारी ठेवली. उठताना त्यांनी गुडघ्यावर हात टेकला नाही.

"हो, आलो," ते म्हणाले.

ते टेबलाला वळसा घालून फाटकाकडे निघाले. तिबोची खुर्ची मागे पडली. माझ्या हातातलं बाळ एकदम रडायला लागलं, लाल होऊन, श्वास न घेता. बाबा थांबले. जरा वेळ पाठमोरेच उभे राहिले. मग वळले, माझ्याकडून तिला घेतलं, खांद्यावर टाकलं.

"रडू नकोस गं," ते तिच्या कानात म्हणाले. "आधी तुझं जेवण."

आज ते ठीक आहेत. खालच्या खोलीत नातीला नावांचे अर्थ सांगत बसले आहेत, तिला अजून दात नाहीत. मी वर बसून ते मुद्रण ऐकते आहे. हाका त्यात नाहीत. तिथे फक्त वीसेक माणसं श्वास धरून बसल्याचा आवाज आहे. बाकी सगळं आहे, आणि सगळं दोनदा आहे. बूच, हसणं, तिबोची खुर्ची, बाळाचं रडणं, प्रत्येकामागे कड्यावरून आलेली त्याची पुसट प्रत.

बाबांचं "हो, आलो" एकदाच आहे.