अंबूबाईंचं विरजण

न्युमोनियातून उठलेल्या अंबूबाई सांगलीतल्या आमच्या दवाखान्यात पलंगावर बसून भाकरी चुरून खात होत्या. ताप नाही, धाप नाही, एक्स-रे निवळलेला. तरी छातीचे डॉक्टर वीरधवल त्यांना सोडत नव्हते, कारण बेडक्याच्या तपासणीत अजून जंतू उगवत होते.

ती तपासणी माझी. मी खालच्या प्रयोगशाळेत असते. रिपोर्टवर मी स्पष्ट लिहिलं होतं की हे जंतू नुसते वस्तीला आहेत, आजार संपलाय, औषध नको. फोनही केला.

"मला रिपोर्ट स्वच्छ हवा," ते म्हणाले.

"सर, माणसाचा घसा कधीच स्वच्छ नसतो."

त्यांनी फोन ठेवला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! इथे तर म्हैसही बरी झालेली, तरी टोचणं चालूच.

अंबूबाई आष्ट्याच्या. मी दिसले की म्हणायच्या, "आवं म्याडम, मला घरी सोडा की. सगळी गल्ली माझ्याकडनं इरजाण नेती."

आणखी जहाल इंजेक्शनं झाली. मग एका सकाळी बेडक्यातले जंतू वाढवायची माझी प्लेट कोरी निघाली. ते जंतू गेले, ठीक. पण तोंडातले नेहमीचेही नव्हते, बुरशीचा ठिपकासुद्धा नव्हता. पुन्हा नमुना मागवला. पुन्हा कोरी.

"झालं ना स्वच्छ?" वीरधवल खुशीत म्हणाले.

"जिवंत माणसाच्या तोंडातून असं येत नाही, सर!" मी जवळजवळ ओरडलेच. ते हसले. अंबूबाईंना झेंडूचा हार घालून त्यांनी घरी पाठवलं.

महिन्याभरानं अंबूबाईंच्या सुनेचा, मंगलचा फोन आला.

"आत्ती बऱ्या हायत, म्याडम. पर त्यांच्या हातानं दुधाला इरजाणच लागंना."

मी आष्ट्याला गेले. झेंडूचा हार खुंटीवर होता. टवटवीत.

चुलीपाशी दुधाचं पातेलं होतं. विरजलेलं नाही, नासलेलंही नाही.

"जवा घरी आल्या तवाचं हाय," मंगल हळूच म्हणाली.

"बरी हाय मी," अंबूबाई म्हणाल्या. "पर आत लय शांत वाटतंय."

त्यांनी त्यातलंच दूध कपात ओतून हातात दिलं. त्यांचं मन मोडवेना. मी प्यायले.

परतल्यावर स्वतःच्याच घशातला नमुना प्लेटवर लावला.

दुसऱ्या दिवशी वीरधवल प्रयोगशाळेत डोकावले. माझ्या हातातली प्लेट त्यांनी उजेडाकडे धरली.

"वा! कुणाची ही? एकदम स्वच्छ."