पावाचा अंबाडा

कुणाचा विश्वास बसणार नाही, बसूही नये, अशीच ही गोष्ट आहे. पण आचिरेआले गावच्या चौकातला दगडन् दगड साक्षीला उभा आहे.

त्या दुपारी आफ्रिकेकडून असा गरम वारा सुटला होता, की देवळातल्या मेणबत्त्या न पेटवताच वितळत होत्या. बास्तियानोच्या दुकानात त्याची मुलगी वेनेरा बर्फाच्या पिंपात भांडं फिरवत होती, कडेला धरलेली बदामाची ग्रानिता, म्हणजे बदामाच्या दुधाचा गोड रवाळ बर्फ, खरवडत होती. तेवढ्यात दारात सावली पडली. तरुण असा उंचापुरा, की आत यायला त्याला कमरेत वाकावं लागलं. खांद्यावर कॉफीचं पोतं, आणि कुरळ्या केसांत एक पाकोळी निवांत झोपलेली.

"एक कॉफीची ग्रानिता... वर फेटलेली साय."

दुकानातल्या कुणाच्या तरी हातातला चमचा पडला.

"मेस्सिनाकर दिसताय," वेनेरा म्हणाली. "इथे बदामाची मिळते. फेस हवा असेल तर समोर न्हावी बसतो."

"मी लेत्तेरिओ. आणि ग्रानिता आम्हीच शोधली, बरं का!"

"तुम्ही? शरबत आणलं अरबांनी. बर्फ आमच्या धुमसत्या एत्ना डोंगराचा. माझे पणजोबा तो गुहेत राखेखाली पुरून ठेवायचे, आणि भर उन्हाळ्यात खेचरावरून खाली आणायचे. तुम्ही काय केलंत?"

"आम्ही—" तो तिच्याकडे बघतच राहिला. "आम्ही चाखून कौतुक केलं. ते काय कमी काम आहे?"

ती हसली... आणि भांडं फिरवायचं विसरली. ग्रानिता गोठून दगड झाली.

मग तो रोज येऊ लागला, रोज भांडू लागला. त्रापानीकडची जाईच्या फुलांची चांगली की ब्रोंतेची पिस्त्याची?

"आणि पालेर्मोची?" तिने एकदा विचारलं.

"बर्फ किसून वर सरबत ओततात ती? तिला ग्रानिता म्हणू नकोस, पाप लागेल!"

एवढ्यावर मात्र दोघांचं एकमत झालं. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते कुणालाच कळलं नाही.

बास्तियानोला मात्र सगळं कळलं.

"ग्रानितावर साय घालणारा माझा जावई? आधी एत्ना विझेल!" तो गरजला. गावच्या पालक संत वेनेराच्या सणाला ब्रोंतेच्या एका पिस्तेवाल्याला होकार द्यायचा, असं त्याने ठरवूनच टाकलं.

आता, ग्रानितासोबतच्या गोड पावाला डोक्यावर छोटासा अंबाडा असतो. तो आधी तोडायचा, ग्रानितात बुडवायचा. आणि दुसऱ्याला द्यायचाच झाला, तर फक्त आपल्या माणसाला. बास्तियानो तो लेकीलाच देई. घास आवडला की डोळे मिटायचे आणि न बघताच हात मागे करायचा, ही त्याची सवय.

सणाच्या सकाळी वेनेराने लेत्तेरिओला मागच्या दाराने आत घेतलं. "माझे बदाम, वर तुझी कॉफी. साय नाही."

"साय नाही? मग मेस्सिनाला तोंड कसं दाखवू?"

"मेस्सिनाला नको दाखवूस... मला दाखव."

त्याने नुसती कॉफी ओतली.

चौकात सारा गाव जमला होता. पिस्तेवाला नवी टोपी घालून तयार होता. बास्तियानोने उभ्याउभ्याच पहिला चमचा तोंडात घातला. दुसरा. डोळे मिटले. पापणीतून पाणी आलं. त्याने अंबाडा तोडला, बुडवला आणि खांद्यावरून हात उंच मागे केला.

"हे ज्याच्या हातचं आहे, त्याला!"

वेनेरा हळूच बाजूला झाली... आणि तिने दाराआडच्या लेत्तेरिओला पुढे ढकललं.

बास्तियानोने वळून पाहिलं, तर अंबाडा मेस्सिनाकराच्या गालात! दिलेला घास परत कसा मागणार? असा टाळ्यांचा कडकडाट झाला, की एत्नाने धूर आवरला, पिस्तेवाल्याने रडत रडत दुसरा पेला मागितला, आणि तो उंचापुरा लेत्तेरिओ ऐटीत मान झुकवून—

"खोटं! साफ खोटं!" गल्ल्यामागून म्हाताऱ्या वेनेराचा आवाज कडाडला. "उंचापुरा म्हणे! अरे लेत्तेरिओ, गिऱ्हाइकांना थापा काय मारतोस? मी ढकलल्यावर तू स्टुलावर चढलास, तेव्हा कुठे बाबांच्या हाताला तुझं तोंड लागलं!"