बघण्यासारखं स्थळ

हस्ताचा पाऊस मोठा लाघवी. ऊन तसंच असतं, डोंगरावरची सोनकी तशीच पिवळी चमकत असते, आणि आपण मात्र भिजलेलो असतो. त्या दुपारी परंदवडीच्या शिवारात कस्तुरा अशीच भिजत बांधावरचं गवत कापत होती, तेवढ्यात तिची आई सरूबाई धापा टाकत आली.

"ठेव तो इळा. पाव्हणं आल्यात बघाया."

"कुणाला?"

"मला. चल मुकाट्यानं."

गेल्या साली नवलाख उंबरे गावचे पाहुणे कस्तुराला बघायला असेच आले होते. पोहे खाल्ले, हसले, गेले. मागाहून निरोप आला — पोरगी फार उंच आहे. तेव्हापासून पाणवठ्यावर ती दिसली की बायका आवाज खाली आणायच्या. आता दुसरा नकार आला, तर मावळातून तिसरा पाहुणा यायचाच नाही.

लुगडं बदलून, पोह्यांची ताटली घेऊन ती ओसरीवर आली. घोंगडीवर एक तरुण बसला होता. अंगात कोट, पण पाय पोटरीपर्यंत चिखलानं माखलेले. शेजारी काळी पेटी आणि तीन पायांची लाकडी घोडी. पलीकडे गावचे म्हातारे रखमाजीआबा मिशीवरून हात फिरवत होते, कारण हा पाहुणा त्यांनीच चावडीवरून आणला होता. "आबा, इथली चांगली स्थळं दाखवाल का?" असं त्यानं विचारलं आणि आबांनी त्याला थेट इथं आणून बसवलं. गाव, आडनाव, आईबाप, सगळं त्यांनी वाटेतच विचारून घेतलं होतं. नाव महिपती. लोणावळ्याच्या बाजारात स्वतःचं दुकान. लग्न व्हायचंय. आणखी काय हवं?

कस्तुराचे वडील अंबाजी खाकरले. "इचारा पोरीला काय इचारायचं ते."

महिपतीनं तोंडातला घास कसाबसा गिळला. "यांना ठाऊक आहेत का इथली स्थळं?"

"किती बघायची हायत तुमाला?"

"उजेड असेतोवर पाच-सहा तरी व्हावीत. काल लोणावळ्यात चार पाहिली."

दाराआड सरूबाई "अगं बया" म्हणाली. अंबाजींचा आवाज उतरला. "आन्... एकबी मनात भरलं न्हाई?"

"भरलं की. पण एक फारच उंच होतं. मान मागं टाकून बघावं लागलं."

"मग उंच चालत न्हाई व्हय तुमाला?" कस्तुराच्या तोंडून निघूनच गेलं.

त्यानं पहिल्यांदाच वर पाहिलं. पाहतच राहिला. "चालतं की," तो हळू म्हणाला. "उंचच तर बघण्यासारखं असतं. म्हणजे... धबधबा..."

धबधबा?

कस्तुरानं त्या तीन पायांच्या घोडीकडे पाहिलं. तळेगावच्या जत्रेत अशीच घोडी लावून, काळ्या फडक्यात डोकं खुपसून एक माणूस फोटो काढत होता. तिनं पदर दातांत धरला, तरी हसू डोळ्यांतून सांडलंच.

हात धुवायला पाणी द्यायच्या निमित्तानं ती त्याच्यामागून अंगणात गेली. "तुमी डोंगर, दऱ्या बघाया आलाय न्हवं?"

"हो. मग दुसरं काय?"

"हितं स्थळ म्हंजी मी."

तो तांब्याखाली ओंजळ धरून तसाच उभा राहिला. पाणी बोटांतून गळून गेलं आणि कान लाल झाले. "अरे देवा... मी आत्ता तुमच्या वडिलांची क्षमा मागतो."

"तसं करू नका," ती घाईनं म्हणाली. हसू आता मावळलं होतं. "चूक झाली म्हनालात, तर गाव म्हनंल, पाव्हण्यानं पोरगी बघितली आन् निमित्त काढून सुटला. तुमी लोणावळ्याला जाल. मला हितंच ऱ्हायचंय."

"मग मी काय करू?"

"काय न्हाई. मीच नको म्हनते."

ओसरीवर जाऊन ती वडिलांपुढं सरळ उभी राहिली. पोरीनं पाहुण्याला नकार द्यायचा, असं त्या काळी मावळात कुणी ऐकलं नव्हतं. "दादा, मला न्हाई पसंत. लय स्थळं बघत्यात ते."

अंबाजींनी मान हलवली. "बराबर हाय पोरीचं."

महिपतीनं पेटी खांद्याला लावली, सगळ्यांना नमस्कार केला आणि नकार घेऊन गेला. अंगणाच्या टोकाला मात्र त्यानं एकदा मागं वळून पाहिलं...

पाऊस ओसरला, भात पिवळं पडलं, आणि एका सकाळी तो पुन्हा बांधावर उभा. सरूबाई जवळच कापणी करत होती. हात भातात, कान इकडे.

"आभार मानायचे राहिले होते," महिपती म्हणाला.

"नकाराचे? लय नवल हाय तुमचं."

त्यानं कोटाच्या खिशातून फोटो काढून तिच्या हातात दिले. दरी, पूल, कडा, धबधबा. मुंबईच्या एका छापखानेवाल्याला प्रवाशांसाठी चित्रांचं पुस्तक काढायचं होतं. त्यानं हे सगळे फोटो परत पाठवले होते. "म्हणतो, चांगले आहेत, पण एक पाहिला की दुसरा पाहावासा वाटत नाही."

तिनं एकेक पाहिला. "सोनकीचं पिवळं कुटं गेलं?"

"ते फोटोत येत नाही."

"आन् मानसं? तीबी येत न्हाईत?"

"माणूस मध्ये आला की देखावा बिघडतो, असं आम्हाला शिकवलंय."

"मग ह्यांच्याकडं बघून गोष्ट कशी सांगायची?" ती बांधावर उकिडवी बसली आणि फोटो मांडू लागली. रिकामी वाट आधी, पूल नंतर, धबधबा पार शेवटी. "ही बगा वाट. हिच्यावर वल्या पावलाचा ठसा घ्या. मग पुलावर कुनाची तरी इसरलेली छत्री."

"आणि माणूस?"

"शेवटाला. आधी त्याची वाट बघू द्या की बघनाऱ्याला."

महिपती तिच्याशेजारी, पण हातभर अंतर राखून बसला. मग म्हणाला, "आणि वाट पाहूनही तो आलाच नाही तर?"

"बोलावलं असंल नीट, तर येईल," ती फोटोंकडेच बघत म्हणाली.

सरूबाईचा विळा केव्हाचाच थांबला होता.

दिवाळी झाली आणि तो तिसऱ्यांदा आला. सोबत रखमाजीआबा, या खेपेला जरा जास्तच गंभीर. अंबाजींनी भुवया चढवल्या. महिपतीनं घोंगडीवर एकेक फोटो मांडायला सुरुवात केली.

तळेगावहून येणारी चिखलाची वाट. मग पाठमोऱ्या रखमाजीआबांचं पागोटं, पुढं पुढं चाललेलं. मग ताटलीत अर्धे राहिलेले पोहे.

"हे आमच्या सुनंनं केल्यालं पोहं," आबा म्हणाले. "त्यानं खाल्लं न्हाईत, निस्तं फोटूला ठिवलं. लय बोलली ती."

पुढच्या फोटोत तांब्या होता, आणि खाली धरलेली रिकामी ओंजळ. त्या दुपारचं सगळं होतं तिथं. फक्त कस्तुरा नव्हती. आणि शेवटी त्यानं ठेवला एक कोरा कागद.

"ह्यो कोराच कसा?" अंबाजींनी विचारलं.

"माणूस शेवटाला येतो," महिपती म्हणाला. त्यानं कस्तुराकडे पाहिलं. "यायचं की नाही, ते त्यानं ठरवायचं. नकार यांनी दिला होता, दादा. तेव्हा मी स्थळ पाहायला आलो नव्हतो. आज आलोय."

अंबाजींनी लेकीकडे पाहिलं. पहिल्या खेपेला तिनं न विचारता उत्तर दिलं होतं. या खेपेला त्यांनी विचारलं, "काय गं?"

कस्तुरा पुढं आली. तिनं तो कोरा कागद उचलला, उजेडाकडे धरून उलटसुलट पाहिला.

"हितं उजेड बरा न्हाई," ती म्हणाली. "बाहेर चला. घोडी आनलीय न्हवं?"

अंगणात तो काळ्या फडक्याखाली शिरला. "हलू नका," आतून आवाज आला.

"मान मागं टाकावी लागतीय का?"

"थोडी."

रखमाजीआबांनी तंबाखू मळत विचारलं, "काय पाव्हणं, अजून किती स्थळं ऱ्हायली बघायची?"

"संपली, आबा."

आणि नेमकी तेव्हाच ती हसली. त्यामुळे तो फोटो हलला. चेहरा नीटसा ओळखू येत नाही, नुसतं हसू दिसतं. पुढं लोणावळ्याच्या दुकानात काचेमागं कितीतरी चांगले फोटो लागले. पण दारातून आत शिरताच समोर दिसायचा, तो हाच.